पंधरा किलोंची सुटकेस: हेरमालिकेसाठी बिनतारी संच बनवतानाच्या नोंदी

३ जून

दूरचित्रवाणीवरच्या एका ऐतिहासिक मालिकेच्या कला विभागात मी प्रॉपर्टी, म्हणजे दृश्यात वापरायच्या वस्तू, बनवण्याचे काम करतो. कथानक १९४३ सालच्या पॅरिसमध्ये घडते आणि नायिका ब्रिटनच्या एस.ओ.ई. या गुप्त संघटनेची बिनतारी ऑपरेटर आहे. पात्र काल्पनिक असले तरी त्यावर नूर इनायत खान यांची सावली आहे हे उघड आहे. त्यांचे वडील बडोद्याचे गवई आणि सूफी साधक होते. जून १९४३ मध्ये त्या ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरल्या, ऑक्टोबरमध्ये पकडल्या गेल्या आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत त्यांना ठार मारण्यात आले.

पटकथेत आमच्या वाट्याला एकच ओळ आली आहे: "ती सुटकेस उघडते आणि लंडनला संदेश पाठवते." या एका ओळीसाठी १८,००० रुपये मंजूर झाले असून पहिले चित्रीकरण ४ जुलैला आहे. पुढे कोणाला असेच काम करायची वेळ आली, तर निदान माझ्या चुका तरी त्याच्या कामी याव्यात, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

५ जून

नमुना म्हणून टाइप ३ मार्क २ हा संच निश्चित केला. जाणकार त्याला बी२ म्हणतात. एस.ओ.ई.च्या जॉन ब्राउन यांनी त्याची रचना केली होती. संदेश पकडणारा ग्राहक, संदेश पाठवणारा प्रक्षेपक, वीजपुरवठा आणि सुट्या भागांची पेटी हे सगळे एका साध्या प्रवासी सुटकेसमध्ये बसत असे आणि वजन सुमारे १५ किलो भरत असे. प्रक्षेपकात ६एल६ आणि ईएल३२ हे व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असत तशा तापणाऱ्या नळ्या), ताकद जास्तीत जास्त २० वॉटच्या आसपास, आणि वीज घराच्या सॉकेटमधून किंवा ६ व्होल्टच्या बॅटरीवरून घेता येई. बॅटरीची सोय का होती हे आमच्या दृश्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. संदेश चालू असताना जर्मन एकेका भागाची वीज तोडून पाहत. ज्या भागाची वीज जाताच संदेश बंद पडे, तिथे ऑपरेटर आहे हे त्यांना कळे. पटकथेत हे कुठेच नव्हते. दिग्दर्शिकेला सांगितल्यावर त्यांनी लगेच दृश्यात दिवे घालवले आणि माझ्या कामात एक बदलबटण वाढवले. तोंड उघडल्याचे बक्षीस.

९ जून

सुटकेसच्या शोधात चोरबाजारात गेलो. आधीच्या शुक्रवारी गेलो होतो आणि एक फेरी फुकट गेली होती, कारण शुक्रवारी मटन स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर निराळाच बाजार भरतो. आज दोन मिळाल्या. पहिली तपकिरी, दाबलेल्या फायबरची, कोपऱ्यांना चामड्याच्या टोप्या आणि पितळी कुलपे असलेली. दुकानदाराने ४,५०० सांगितले आणि तासाभराच्या चहापाण्यानंतर १,८०० घेतले. दुसरी तशीच पण झाकण तडकलेली, १,२०० ला. दुसरी कशाला, असे निर्मिती विभागाने विचारले. मोडण्यासाठी, असे उत्तर दिले. पुढे ते खरेच ठरले, फक्त मोडली ती पहिली.

निवड करताना एक मोह आवरावा लागला. बाजूलाच खोटे चामडे लावलेली, पट्ट्यांची, अगदी हेराची वाटावी अशी देखणी बॅग होती. आमच्या सहायकाला तीच हवी होती. पण गर्दीत जिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही अशी बॅगच त्या कामाची. नव्या बॅगा मुद्दाम झिजवण्याचे काम एस.ओ.ई.च्या छद्मावरण विभागात चाले आणि त्या विभागाचे प्रमुख जे. एल्डर विल्स हे युद्धापूर्वी ब्रिटिश चित्रपटांचे कला दिग्दर्शक होते. हे वाचल्यावर मला आपल्याच बिरादरीतला माणूस भेटल्यासारखे झाले. आयुष्यभर वस्तू कॅमेऱ्याला दिसाव्यात म्हणून खटपट केलेल्या माणसाने पुढे त्या दिसू नयेत म्हणून तेच हात वापरले.

१२ जून

तीन पेट्यांची मापे घेऊन कुर्ल्याच्या पत्रेवाल्याकडे ॲल्युमिनियमची खोकी टाकली. ३,४०० रुपये. पाऊस सुरू झाला आहे.

१४ ते १९ जून

हा आठवडा रंगाने खाल्ला. त्या काळच्या लष्करी यंत्रांवर बारीक सुरकुत्या पडलेला काळा रंग असे, ज्यावर बोटांचे ठसे उठत नाहीत आणि उजेड चमकत नाही. सुरकुत्यांच्या रंगाचे तीन स्प्रे डबे आणले, प्रत्येकी ६५० रुपये. डब्यावर लिहिल्याप्रमाणे तीन आडवे-उभे हात मारले आणि गोरेगावच्या आमच्या शेडमध्ये पंख्याखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पत्रा तुळतुळीत, चिकट, नुकत्याच ओतलेल्या डांबरासारखा. दमटपणामुळे असेल म्हणून खरवडून पुन्हा मारला. या वेळी सुरकुत्या आल्या, पण त्या खोक्याच्या एका कडेला आणि म्हशीच्या कातड्याएवढ्या जाड. तिसऱ्या खेपेला शेडमधल्या हॅलोजनखाली ठेवला. दिव्यासमोरच्या भागावर सुंदर दाणा आला आणि मागची बाजू तशीच कोरी राहिली.

या रंगाला सुरकुती पडते ती वरचा थर खालच्यापेक्षा आधी आवळला जातो म्हणून, आणि त्यासाठी उष्णता सगळीकडून सारखी लागते. मुंबईच्या जूनमध्ये ती मिळणार कुठून? शेवटी साकीनाक्याच्या एका पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत जागा मिळाली. त्याच्या मोठ्या मालाच्या मधल्या वेळेत अर्धा तास, तापमान त्याच्या नेहमीच्या निम्म्याहून कमी, ९०० रुपये. झाकण उघडले तेव्हा तिन्ही खोक्यांवर बाजरीच्या भाकरीच्या पाठीसारखा एकसारखा दाणा उमटला होता. भट्टीवाल्याने विचारले, "साहेब, एवढा चांगला पत्रा असा खराब कशाला केलात?"

ज्यांना हे करायचे आहे त्यांनी पावसाळ्यात पहिल्या दिवशीच भट्टी गाठावी. माझे पाच दिवस आणि १,९५० रुपयांचे डबे यात गेले. डब्यांपैकी एकच कामी आला असे म्हणता येईल.

२१ जून

पॅनलवरची अक्षरे कोरून आणली आणि तीच पुन्हा कोरायला टाकली. सहायकाने संगणकावर आकर्षक मांडणी केली होती. लेझरवाल्याने १,१०० घेऊन स्वच्छ काम केले होते. बटणाभोवती मेगाहर्ट्झचे आकडे होते आणि अक्षरवळण हेल्वेटिका होते. हेल्वेटिका १९५७ साली आले, आणि १९४३ च्या ब्रिटिश यंत्रावर मेगाहर्ट्झ कोणी लिहिले नसते. तेव्हा मेगासायकल म्हणत. दोष सहायकाचा नाही, कारण त्याने मला दाखवून माझी सही घेतली होती आणि मी घाईत मान हलवली होती. आता गिल सॅन्स, जे १९२८ पासून प्रचारात होते, आणि मेगासायकल. आणखी १,१००. ही अक्षरे पडद्यावर कोणी वाचणार नाही, असे लेखा विभागाने ऐकवले. वाचणारा एक जरी निघाला तरी तो बाकीच्या मालिकेवरचाही विश्वास काढून घेतो, असे माझे मत मी ऐकवले. आमचे एकमत झाले नाही.

याच दिवशी स्क्रूकडे लक्ष गेले. पत्रेवाल्याने सगळीकडे चांदणीच्या खाचेचे स्क्रू लावले होते. तसल्या यंत्राला एका सरळ खाचेचे पितळी स्क्रू हवेत. नागदेवी स्ट्रीटवर तीन दुकाने फिरल्यावर चौथ्याने माळ्यावरून गंजलेल्या पुठ्ठ्याचा एक डबा काढून दिला आणि पैसेच घेतले नाहीत, कारण त्याच्या हिशेबाच्या वहीत तो माल कधीच संपलेला होता.

२३ जून

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे भडकमकर मार्गावर, व्हॉल्व्हसाठी. चांगल्या ६एल६ ची किंमत ऐकून मागे फिरणार होतो, कारण ॲम्प्लिफायरवाले संगीतकार त्या मोठ्या भावाने घेतात. मग दुकानदाराला म्हटले की मला गेलेले व्हॉल्व्ह द्या. व्हॉल्व्ह निकामी होतो तेव्हा बऱ्याचदा त्याची इलेक्ट्रॉन सोडण्याची ताकद संपलेली असते, पण आतला हीटर शाबूत असतो आणि ६.३ व्होल्ट दिले की तो तसाच लालसर तापतो. कॅमेऱ्याला तेवढेच हवे. काचेचे चार व्हॉल्व्ह प्रत्येकी २५० ने मिळाले. मूळ ६एल६ धातूच्या आवरणातही येत असे. ते घेतले तर काहीच दिसत नाही, हे घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

शेकडो व्होल्टचा पुरवठा मी मुळीच जोडला नाही. एक तर अभिनेत्रीची बोटे त्या पॅनलवर फिरणार, आणि दुसरे म्हणजे परवान्याशिवाय प्रक्षेपक चालवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे हा संच तापतो, काटा हलवतो, पण एक इंचही संदेश पाठवत नाही.

छायालेखकाला व्हॉल्व्हचा उजेड नायिकेच्या चेहऱ्यावर हवा होता. खरा संच बंद धातूच्या खोक्यात असल्याने तसा उजेड पडण्याचे कारण नाही, पण वरच्या बाजूला छिद्रांची जाळी बसवून मी तडजोड केली. आधी त्यांच्या आग्रहावरून आत नारिंगी एलईडीची पट्टीही लावली होती. ती मंद केल्याबरोबर मॉनिटरवर आडवे पट्टे वाहू लागले, कारण स्वस्त डिमर उजेड कमी करत नाही तर भराभर चालू-बंद करतो. पट्टी काढून टाकली. निकामी व्हॉल्व्हचा उजेड कमी असला तरी स्थिर आहे.

२५ जून

मीटरचा काटा. ऑपरेटर बटण फिरवून काट्यावर नजर ठेवत संच जुळवून घेते, हे दृश्याचे हृदय आहे असे दिग्दर्शिकेचे म्हणणे. मी हुशारी करायला गेलो: छोटी सर्व्हो मोटर आणि तिला चालवणारे आर्डुइनो हे छोटे संगणकी सर्किट, १,४०० रुपये, दोन रात्रींचे प्रोग्रामिंग. काटा सुरेख डोलला. ध्वनिमुद्रकाने हेडफोन काढून विचारले, "आत डास अडकलाय का?" मोटरची घरघर माइकला अगदी स्पष्ट येत होती. सगळे उपसून एक सेल, एक पोटेन्शिओमीटर आणि भंगारातला मिलीॲमीटर, तिन्ही मिळून ३५०, असे जोडले. बटण फिरवले की काटा चढतो, उलटे फिरवले की उतरतो. हीटरसाठीचा ट्रान्सफॉर्मर आणि वायर ६५० ला आले. शाळेतल्या प्रयोगशाळेत नववीच्या मुलाने जे केले असते ते करायला मला दोन रात्री लागल्या.

२७ जून

प्रक्षेपणाची वारंवारता ठरवणारे क्रिस्टल बेकेलाइटच्या जुन्या टू-पिन प्लगमधून घडवले. वारंवारता बदलायची म्हणजे एक काढून दुसरे खोचायचे, आणि ती क्रिया हाताला छान अभिनय देते. मोर्सची, म्हणजे टिंबे आणि रेघांत संदेश ठोकायची, की २,२०० ला आणि जुने हेडफोन १,५०० ला मिळाले. रेशमाचे काम बाहेर दिले. एस.ओ.ई.चे ऑपरेटर सुरुवातीला पाठ केलेल्या कवितेवरून संदेश गुप्त करत. कविता छळ करून वदवून घेता येते, म्हणून एस.ओ.ई.चे सांकेतिक लिपीप्रमुख लिओ मार्क्स यांनी रेशमावर छापलेल्या सांकेतिक लिपीच्या किल्ल्या आणल्या. अस्तरात शिवता येतात, चुरगळल्या तरी आवाज होत नाही आणि वापरलेली ओळ कापून जाळता येते. मंगळदास मार्केटमधून पातळ रेशीम घेतले. छपाईवाल्याकडून आलेल्या पहिल्या खेपेत पाच-पाचांच्या गटांत छापलेली अक्षरे एकमेकांत पसरली होती. पिठाच्या पातळ खळीत कापड बुडवून, वाळवून, इस्त्री करून पुन्हा छापल्यावर ती उभी राहिली. सगळे मिळून २,६००.

२९ जून

मोर्सवर आमच्याकडून सगळ्यात जास्त हसे झाले. गिरगावातल्या एका चाळीत जहाजावरचे निवृत्त रेडिओ अधिकारी राहतात. १९९९ मध्ये जहाजांवरून मोर्स अधिकृतपणे गेले तेव्हा ते अजून नोकरीत होते. त्यांना मी अभिनेत्रीचा सरावाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "अहो, हे मोर्स नाही. हा पत्र्यावरचा पाऊस आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडी पाठवून सेटवर आणले. अभिनेत्री त्यांना काका म्हणू लागली आणि त्यांनी तिला चार तास बसवून घेतले. की बोटाने टोचायची नसते. कोपर टेबलावर, बोटे गुंडीवर नुसती टेकलेली आणि हालचाल मनगटातून. टिंब एक मात्रा, रेघ तीन मात्रा, अक्षरांमध्ये तीन मात्रा थांबा, शब्दांमध्ये सात. तिने तबला शिकलेला असल्याचे तेव्हाच कळले आणि मग काम भराभर पुढे सरकले. काकांनी तिला "धा, तिट, धा" असे बोल बांधून दिले, आणि ती ते पुटपुटत बसली. पुटपुटताना ओठ हलतात हे चित्रीकरणाच्या दिवशी लक्षात आले, पण ते दिग्दर्शिकेला आवडले म्हणून ठेवले.

पटकथेत संदेश सरळ इंग्रजीत होता. तो काढून पाच-पाच अक्षरांचे निरर्थक गट घातले. खरा शंभर अक्षरांचा संदेश म्हणजे वीस गट, आणि मिनिटाला पंधरा गटांच्या वेगाने सव्वा मिनिटाहून थोडे जास्त. अभिनेत्रीला चार गट पक्के बसवले. बाकीचे संकलनात फिरवून घेता येतील. एका गटात ती दर वेळी एकच अक्षर चुकत होती. मी ते दुरुस्त करायला निघालो तेव्हा काकांनी थांबवले. ऑपरेटरांना संदेशात ठरलेल्या जागी मुद्दाम चूक करायला सांगितलेले असे. ती चूक नसली तर लंडनने समजायचे की ऑपरेटर शत्रूच्या ताब्यात आहे. हॉलंडमध्ये १९४२ पासून पकडलेल्या ऑपरेटरांच्या संदेशांत ही खूण नसल्याकडे लंडनने दुर्लक्ष केले आणि एकामागून एक माणसे जर्मनांच्या हाती उतरत गेली. दिग्दर्शिकेने ती चूक कथेत घेतली. सातव्या भागात तिचा उपयोग होणार आहे.

१ जुलै

आवाजावरून दीड तास वाद. मालिकांमध्ये की दाबली की सगळ्या खोलीत 'टीट टीट' ऐकू येते. प्रत्यक्षात खोलीत फक्त कीची खटखट असते. सूर असलाच तर तो हेडफोनमध्ये. ध्वनिमुद्रकांचे म्हणणे असे की नुसत्या खटखटीवर प्रेक्षक वाहिनी बदलेल. तोडगा असा निघाला की कॅमेरा नायिकेच्या चेहऱ्याजवळ असेल तेव्हा आपण तिच्या हेडफोनमध्ये आहोत, म्हणून सूर. कॅमेरा दाराबाहेर जाताच फक्त लाकडावरची खटखट. शेजारीण जिन्यात थांबते ते दृश्य त्यामुळे अंगावर येते. त्या खटखटीला घड्याळाचीही खटखट समजता येते, आणि शेजारीण नेमके तेच समजते की नाही हे आम्ही सांगत नाही.

सहायक दिग्दर्शकाने याच दिवशी सुचवले की मालिकेतल्या १९४२ च्या मुंबईच्या उपकथानकातही हाच संच वापरावा, पैसे वाचतील. मी स्पष्ट नकार दिला. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी १९४२ मध्ये मुंबईतून जो गुप्त काँग्रेस रेडिओ जागा बदलत बदलत चालवत होते, त्यावरून लोकांना ऐकू येणारी भाषणे आणि बातम्या जात. लोकांनी ऐकावे हाच त्याचा हेतू. आमची सुटकेस फक्त मोर्स पाठवते आणि लंडनशिवाय कोणीही ऐकू नये यासाठी झटते. तिला माइक जोडला असता तर दोन्ही गोष्टींचा अपमान झाला असता.

४ जुलै

पहिला दिवस, फिल्मसिटीतला पोटमाळ्याचा सेट. वीस मीटर एरियलची वायर तुळयांवरून फिरवली होती. ती दोनदा लाइटच्या स्टँडला अडकली आणि एकदा लाइटदादांच्या पायात. भिंतीवरचे कॅलेंडर ऐन वेळी बदलावे लागले, कारण आमच्या छापलेल्या कॅलेंडरचा आठवडा रविवारपासून सुरू होत होता आणि १ जुलै १९४३ बुधवारी दाखवला होता. तो गुरुवार होता. तेवढे सोडून पेटी उघडण्याचा, व्हॉल्व्ह तापण्याचा, काटा जुळवण्याचा भाग तिसऱ्या टेकला ठीक झाला.

७ जुलै

सगळ्यात मोठी चूक आज कळली. ती मापात, रंगात किंवा अक्षरांत नव्हती, वजनात होती.

फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना पॅरिसचा म्हणून घेतला होता. नायिकेने सुटकेस घेऊन चार मजले चढायचे आणि मधल्या वळणावर जर्मन शिपायाला बाजूने जाऊ द्यायचे. अभिनेत्रीचे हाल होऊ नयेत म्हणून मी फोमबोर्डची खोटी खोकी घातलेली दुसरी सुटकेस, ४ किलोची, आणली होती. फोमबोर्डचे १,३०० रुपये वेगळे. पहिल्या टेकला ती जड असल्यासारखी चढली: खांदा वाकडा, दुसरा हात पसरलेला, वळणावर सुस्कारा. आपल्याकडे सगळेच असे करतात, रिकाम्या बॅगेला जड दाखवणे हे नटाच्या पहिल्या धड्यांपैकी एक आहे. दिग्दर्शिकेने मॉनिटरवर पाहून मान हलवली. "हिच्या बॅगेत काहीतरी लपवलंय हे त्या शिपायाला आंधळेपणातही कळेल."

खऱ्या ऑपरेटरला बरोबर उलटे करावे लागे. पंधरा किलोंचे यंत्र दोन साड्या आणि एक टॉवेल असल्यासारखे उचलायचे, आणि शिपायासमोर एका हातातून दुसऱ्या हातात घेताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही. हलक्या बॅगेने हे जमेना, कारण लपवायला शरीरात काहीच नव्हते. शेवटी खरी सुटकेस मागवली. अभिनेत्रीने ती उचलली, पायऱ्यांवर पाय टाकला, आणि पाठ इतकी सरळ ठेवली की मानेची शीर तट्ट फुगलेली कॅमेऱ्यात दिसली. सगळे गप्प झाले. दुसऱ्या मजल्यावर मूठ तुटली.

सुटकेस पाच पायऱ्या गडगडत खाली आली. एक व्हॉल्व्ह फुटला, झाकणाची एक बिजागरी उखडली, आणि सुदैवाने खाली कोणी नव्हते. मूठ जुन्या चामड्याची होती, आतली पट्टी कधीच कुजलेली होती, आणि मी ती बाहेरून पॉलिश करून चकचकीत केली होती. ज्या भागावर सगळे वजन पेलायचे तो भाग सोडून बाकी सगळे तपासले होते. त्या दिवसाचे शेवटचे तीन तास वाया गेले. निर्मिती व्यवस्थापकांनी ते माझ्या नावावर मांडले, आणि ते योग्यच होते.

८ जुलै

मुठीची दुरुस्ती. भायखळ्याच्या चांभारकाकांनी मूठ उसवून आत लोखंडी पट्टी घातली, वर जुनेच चामडे ओढून शिवले, आणि दोन्ही टोकांना तांब्याचे रिव्हेट मारले. सुटकेसच्या आतून प्लायची पट्टी बसवली, जेणेकरून ओढ फायबरवर न येता लाकडावर जाईल. ४५० रुपये. मग तिच्यात २५ किलो वाळूची गोणी भरून शेडमध्ये दोराने टांगली आणि रात्रभर ठेवली. सकाळी जागेवर होती. रिव्हेटची नवी चमक झाकण्यासाठी काळे बूटपॉलिश आणि मुलतानी माती चोळली. फुटलेल्या व्हॉल्व्हच्या जागी राखीव ठेवलेला गेला.

मधला मार्ग म्हणून वजनही ठरवले. पूर्ण १५ किलोंनी अभिनेत्रीचे मनगट दुसऱ्या तासाला थरथरू लागते आणि तेच मनगट पुढच्या दृश्यात कीवर हवे असते. ट्रान्सफॉर्मरजवळ वजनासाठी ठेवलेली शिशाची पट्टी काढून ९ किलोंवर आणले. लांबच्या शॉटसाठी ९, चेहरा दिसणाऱ्या एका शॉटसाठी १५.

१० जुलै

जिन्याचे दृश्य पुन्हा घेतले. दुसऱ्या टेकला झाले. वळणावर शिपाई बाजूने गेल्यावर तिने सुटकेस खाली न टेकवता हात बदलला. ते पटकथेत नव्हते.

१६ जुलै

हेरांच्या मागावर असलेल्या जर्मन माणसाच्या कोटाखालच्या शोधयंत्राचे काम. रेडिओ लहरींचा शोध घेणाऱ्या गाड्यांनी गल्लीपर्यंतचा माग काढला की माणसे पट्ट्याला बांधलेला लहान ग्राहक कोटाखाली लपवून पायी फिरत. बोर्डाचे खोके, एक वायर बाहीतून मनगटापर्यंत आणि घड्याळासारखी तबकडी. एका दिवसात झाले, लिहिण्यासारखे काही बिघडले नाही. साहित्य शेडमधल्या जुन्या मालातूनच निघाले.

२८ जुलै

पहिले शेड्यूल संपले. हिशेब असा: दोन सुटकेस ३,०००, खोकी ३,४००, रंग आणि भट्टी २,८५०, व्हॉल्व्ह १,०००, ट्रान्सफॉर्मर, मीटर वगैरे १,०००, की २,२००, हेडफोन १,५००, दोनदा कोरलेली अक्षरे २,२००, रेशीम २,६००, मूठ ४५०, वापरात न आलेली सर्व्हो मोटर आणि आर्डुइनो १,४००, फोमबोर्ड १,३००. एकूण २२,९००, म्हणजे मंजुरीपेक्षा ४,९०० जास्त. यातले निम्म्याहून जास्त माझ्या तीन चुकांचे आहेत: रंगाचे वाया गेलेले दोन डबे, अक्षरे आणि मोटर. चौथी चूक, म्हणजे मूठ, स्वस्तात सुटली, पण युनिटचे तीन तास या हिशेबात धरलेले नाहीत.

सुटकेस गोदामात ठेवण्याआधी सेल काढून घेतले, कारण मागच्या एका मालिकेतल्या टॉर्चचे सेल आतच फुटून सगळे संपर्क हिरवे झाले होते. खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि रेशीम वेगळ्या डब्यात ठेवले. झाकणाची उखडलेली बिजागरी तात्पुरती बसवली आहे. पुढच्या शेड्यूलपूर्वी तिच्या मागे पत्र्याचा तुकडा लावायचा आहे. डाव्या कुलपाची कळ दोनदा दाबल्याशिवाय उघडत नाही. अभिनेत्रीला ती सवय झाली आहे, तेव्हा ते दुरुस्त करायचे नाही.